वाट्याची कोंबडी

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने गिरणगावात जोर धरला त्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी, कोकणातून आलेल्या बोटीने आमच्या घरी दोन कोंबड्या आल्या. तीन महिन्यांनी त्यांतली एक गेली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

कोंबड्या माझ्या आत्येने पाठवल्या होत्या. बाबा भाऊच्या धक्क्यावर जाऊन त्या घेऊन आले. दोघी एकाच हाऱ्यात होत्या. वरून जाळे बांधलेले होते आणि शेजारी उकड्या तांदळाची पुरचुंडी होती, ती कोंबड्यांसाठी होती की आमच्यासाठी हे सांगितलेले नव्हते. एक तांबडी होती, दुसरी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची. ठिपक्यांच्या कोंबडीला आमच्याकडे कवडी म्हणतात. दोघींच्या उजव्या पायाला आत्येच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली होती. आईने जाळे सोडायच्या आधी ती चिंधी पाहिली आणि बाबांना विचारले, "वाट्यान दिल्यानी?" बाबा म्हणाले, "हां."

वाट्याने कोंबडी देणे ही आमच्या बाजूची जुनी रीत आहे. ज्याच्याकडे कोंबड्या जास्त असतील तो एखादी दुसऱ्याला पाळायला देतो. अंडी पाळणाऱ्याने खायची, पण कोंबडीने पिल्ले काढली की ती निम्मी निम्मी वाटायची. कोंबडी मूळ मालकाचीच राहते. खूण म्हणून तिच्या पायाला मालकाच्या घरची चिंधी बांधतात आणि तिच्यावरून पुढे तंटा होत नाही. ही देवघेव एका वाडीत, फार तर शेजारच्या वाडीत होते. वाट्याची कोंबडी बोटीने मुंबईला पाठवल्याचे मी त्याआधी ऐकले नव्हते, नंतरही नाही. मुंबईतून गावाला मनीऑर्डर जायची, जुने कपडे जायचे, गणपतीला माणसे जायची. पिल्ले पाठवायची वेळ आमच्यावरच आली.

आत्या बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आली आणि बाबांना तिनेच वाढवले. आई तिला वन्सं म्हणायची आणि गावाला गेली की तिच्यासमोर पाटावर बसायची नाही. माझ्या आधीची दोन भावंडे याच मुंबईच्या खोलीत, एक चार महिन्यांचे आणि एक वर्षाचे होऊन गेली होती. दुसरे गेले तेव्हा आत्या मुंबईला आली होती. जाताना ती शेजारणीला म्हणाली, "हिच्या हाताक जीव लागना नाय." आई तेव्हा मोरीत भांडी घासत होती. तिने ते ऐकले. मला हे आईने एकदाच सांगितले, तेही कोंबड्या आल्या त्या दिवशी, हाऱ्यातून तांबडीला उचलताना. मग तिने कोंबडीचे वजन हाताने जोखले आणि म्हणाली, "ह्या जगवूक व्हयी, बाय."

आमची खोली लालबागला, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, टोकाची होती. दारासमोर गॅलरी, गॅलरीखाली अरुंद गल्ली आणि गल्लीपलीकडे गिरणीची भिंत. भिंतीआड कापसाच्या गाठींचे गोदाम होते. त्याचे पत्र्याचे छप्पर आमच्या गॅलरीतून हात लांबवला तर लागेल असे वाटायचे, पण लागत नसे. बाबा त्याच गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. आई खानावळ चालवायची. गावाकडे बायकामुले ठेवून आलेले आठ गिरणी कामगार आमच्याकडे जेवायचे. त्यांतले चार गॅलरीत पथारी टाकून झोपायचेही. तीन पाळ्या असल्यामुळे कोणीतरी सतत जेवत असे आणि कोणीतरी सतत झोपलेले असे. पहाटेच्या भोंग्याआधी चुलीवर पेज, दुपारी भात आणि बांगड्याचे तिरफळ घातलेले सार, बाजारातून मासळी उशिरा आली तर कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा. खाली मसाल्याचे कांडप होते. तिथे मुसळांचा आवाज दिवसभर एका तालात चाले आणि मिरच्या भाजायला घेतल्या की तीनही मजले खोकायचे. बायका ओरडायच्या, कांडपवाली उलट ओरडायची. तो वास आणि ते भांडण यांशिवाय दिवस गेल्याचे मला आठवत नाही.

अशा घरात दोन कोंबड्या आल्या. बाबांनी गिरणीतून फुटकी खोकी आणून मोरीच्या कोपऱ्यात खुराडे केले. तांबडी शिस्तीची होती. सकाळी दार उघडले की गॅलरीच्या टोकापर्यंत एक फेरी मारायची, शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावरचे सांडलेले टिपायची आणि भोंगा झाला की परत यायची. कवडीचे तसे नव्हते. तिला रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाच्या पथारीत अंडे घालायची सवय लागली. दत्तू म्हणून एक तरुण विणकर होता, आमच्याच बाजूचा, तोंडाने फटकळ. एका दुपारी तो उठला तेव्हा त्याच्या काखेजवळ अंडे होते. ते हातात धरून तो सगळ्या गॅलरीला दाखवत फिरला. "बघा, साचेखात्यात वर्षभर राबलंय, बढती नाय मिळाली. हय झोपल्या झोपल्या अंडा दिलंय!"

खानावळीत अण्णा म्हणून एक वयस्क गृहस्थ होते, साताऱ्याकडचे. गळ्यात तुळशीची माळ. त्यांचे ताट आई वेगळ्या बाजूला वाढायची आणि त्यांची भाजी मासळीच्या आधी व्हायची. अण्णा अंड्याला हात लावत नसत. कवडी त्यांच्या पथारीवर चढली तर ते तिला "हाड" न म्हणता "बाई, तिकडं जा" म्हणायचे. दत्तूने त्यांना विचारले, "अण्णानू, तुमच्या अंथरुणात घातला तर काय करशात?" अण्णा म्हणाले, "अंथरूण बदलीन. तिला काय म्हणायचं?"

माझी भाची, पुढे झालेल्या धाकट्या बहिणीची मुलगी, परदेशात असते. गेल्या वर्षी तिने परसात चार कोंबड्या पाळल्या आणि फोनवर मला दाखवल्या. त्यांना लाकडी घर आहे, पाण्याचे भांडे आपोआप भरते आणि अंडी उबवायचे यंत्र खोलीत आहे. त्यावर उष्णतेचा आणि दमटपणाचा आकडा दिसतो. तिने विचारले, "मावशी, तुमच्याकडे आकडा कोण बघायचं?" मी सांगितले की तुझे आजोबा बघायचे, हाताच्या मागच्या बाजूने. तिला ते नीट कळले नाही. म्हणून हे लिहिते आहे.

थंडी सुरू झाल्यावर तांबडी खुडूक झाली. खुडूक म्हणजे अंडी घालणे थांबवून नुसती बसून राहणारी, हात लावला तर फुगणारी. आईला हवे होते तेच हे होते. तिला हे थोडे आधीच कळले होते, म्हणून तिने वेळेवर एक काम उरकून घेतले होते. आमच्याकडे कोंबडा नव्हता आणि कोंबड्याशिवाय घातलेल्या अंड्यातून पिल्लू निघत नाही. नायगावच्या पोलीस लाइनीत आईच्या माहेरच्या गावचे एक हवालदार राहायचे. आई त्यांना भाऊ म्हणायची, मी मामा. त्यांच्या मागच्या अंगणात कोंबडा होता. आई दोन्ही कोंबड्या पिशवीत घालून नायगावला चालत गेली आणि आठ दिवस तिथे ठेवून आली. खानावळीत चर्चा झाली. दत्तू म्हणाला, "वयनी, सासर पोलिसाचा बघितलात? हय आम्ही मोर्चे काढतो नि तुम्ही सोयरीक सरकाराकडे!" आई म्हणाली, "मेल्या, कोंबड्याक सरकार कळता?"

परत आल्यावर दोघींची मिळून अकरा अंडी जमली. ती विषम असावी लागतात. आईने हाऱ्यात भाताचा तूस पसरला, त्यात कोळशाचा तुकडा ठेवला आणि लोखंड हवे म्हणून बाबांकडे पाहिले. ढग गडगडले की उबवणीची अंडी बिघडतात आणि लोखंड जवळ असले तर बिघडत नाहीत, असे आमच्याकडे मानतात. गावाला कोयत्याचा तुकडा ठेवतात. बाबांनी खिशातून धोट्याचे टोक काढून दिले. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी धोट्याला दोन्ही बाजूंना लोखंडी टोके असतात, त्यांतले ते एक झिजलेले. हारा बाजेखाली सरकवला गेला. तांबडी त्यात बसली. आईने दाराच्या चौकटीवर कोळशाने पहिली रेघ ओढली. एकवीस व्हायच्या होत्या.

रेघा वाढत होत्या तसे बाहेरचे वातावरण तापत होते. सकाळी प्रभातफेऱ्या जायच्या. संध्याकाळी सभा असायच्या आणि खानावळीची दुसरी पंगत रिकामी राहायची, कारण सगळे सभेला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली तेव्हा चौकटीवर पंधरा रेघा होत्या. सोळाव्या दिवशी हरताळ पडला. गिरण्या बंद झाल्या आणि भोंगा थांबला. मला त्या शांततेपेक्षा तांबडीचे वागणे जास्त आठवते. ती दिवसातून एकदाच, सकाळच्या भोंग्याला, दाणे खायला उठायची. त्या दिवशी भोंगा झाला नाही आणि ती उठली नाही. आईने तिला उचलून ताटलीपुढे ठेवले.

मग संचारबंदी लागली आणि गोळीबार झाला. किती माणसे गेली ते आकडे मी पुढे छापील वाचले, काही मी स्वतःही तपासले. तेव्हा आम्हाला फक्त आवाज मोजता येत होते. शेजारच्या चाळीतला एक माणूस गेला. आईने त्या घरी दोन दिवस पिठीभात पाठवला, जिने आतून जोडलेले होते म्हणून पाठवता आला. घरी ती बाजेखाली हात घालून पुन्हा पुन्हा अंड्यांखालचे लोखंड चाचपत होती. बंदुकीचा आवाज म्हणजे गडगडाटच, असे तिचे म्हणणे होते. दत्तू म्हणाला, "वयनी, गोळी आणि ढग येगळे." आई म्हणाली, "अंड्याक कोण सांगतला?" बाबा उठले, खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून धोट्याचे दुसरे टोक काढले आणि हाऱ्यात पहिल्याशेजारी ठेवले. त्यांनी ते आधीच आणून ठेवले होते.

सतराव्या दिवशी दुपारी आई भात वेळून पाणी काढत होती. डोळ्यांना चुरचुरायला लागले, घशात ठसका बसला. तिने वळूनही न बघता गॅलरीकडे तोंड करून आवाज दिला, "कोण गो मिरच्यो भाजता? कर्फ्यूत मसालो कसलो करतास?" दार उघडेच होते. रोज तो वास येताना आम्ही दार लावत नसू, कारण लावून उपयोग नसतो, खोलीत कोंडतो. उघडे ठेवले की वाऱ्याने जातो. आईने तेच केले, उलट पडदाही सारून दिला. कांडपवाली खालून ओरडली नाही. ती ओरडली नाही हे आईच्या लक्षात यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात धूर खोलीत आला होता. गल्लीच्या तोंडाशी अश्रुधुराचे नळकांडे पडले होते.

मी डोळे मिटून मोरीत पाण्याखाली डोके धरले, त्यामुळे पुढचे मी पाहिले नाही. दत्तूने पाहिले. तांबडी बाजेखालून निघाली, उंबरा ओलांडून गॅलरीच्या कठड्यावर चढली आणि तिथून उडाली. गावठी कोंबडी चांगली उडते. गल्ली ओलांडून ती गिरणीच्या भिंतीवर बसली आणि तिथून गाठींच्या गोदामाच्या छपरावर गेली. धूर विरल्यावर आम्ही सगळ्यांनी तिला पाहिले. पायाची लाल चिंधी दिसत होती. आईने तिला हाक मारली, ताटली वाजवली, उकडे तांदूळ कठड्यावर टाकले. ती पत्र्यावर इकडून तिकडे फिरली आणि आली नाही. गिरणीला कुलूप होते, फाटकावर बंदोबस्त होता, गल्लीत उतरण्याची मनाई होती. दत्तू म्हणाला, "सगळी गिरणी बंद आणि आमची तांबडी एकटी कामावर हजर. संप फोडल्यान!" कोणी हसले नाही.

आई बाजेजवळ बसली. हाऱ्यात हात घातला आणि म्हणाली, "निवतत." अंडी थंड होऊ लागली होती. कवडीला आणून वर बसवून पाहिले. ती दोन्ही वेळा उठली, दुसऱ्या वेळी एका अंड्याला चोच मारायला गेली, तेव्हा तिला कोंडले. आई चौकटीवरच्या रेघांकडे बघत होती. रडत नव्हती. ती म्हणाली, "चार दिवस ऱ्हवलेले. वन्सं काय खोटा नाय बोलली."

बाबा इतका वेळ दारात उभे होते. त्यांना कोंबड्यांत रस आहे असे मी तोवर कधी पाहिले नव्हते. ते आत आले, एक अंडे उचलून गालाला लावले, मग कानाला. मग म्हणाले, "चार दिवस म्हणजे बारा पाळ्यो. माणसां किती आसत?"

पुढचे दीड तास त्यांनी जे केले ते मी आजही क्रमाने सांगू शकते. गॅलरीतल्या पथाऱ्यांमधून गिरणीतला टाकाऊ कापूस काढला. एका घोंगडीत तो पसरून त्यात अंडी ठेवली. दोन बाटल्यांत कोमट पाणी भरून, चिंध्या गुंडाळून, बाजूंना लावल्या. माणसाने कुशीवर झोपायचे, अंडी पोटाशी घ्यायची आणि वरून दुसरी घोंगडी ओढायची. कूस बदलायची नाही. साचेखात्यात हवा कोरडी झाली तर सूत तुटते, म्हणून तिथे हवेत ओलावा ठेवतात आणि जुना विणकर तो कातडीवर ओळखतो. बाबा हाताची मागची बाजू कापसावर ठेवायचे, मान हलवायचे आणि बोटे पाण्यात बुडवून शिंपडायचे. कधी शिंपडायचे नाहीत. का, ते त्यांनी सांगितले नाही.

पहिली पाळी दत्तूची, दुसरी बाबांची. तिसऱ्याला माणूस नव्हता. गॅलरीतल्या उरलेल्या दोघांपैकी एकाला ताप होता, दुसरा झोपेत हातपाय झाडायचा. अण्णा आपली माळ चाचपत उभे होते. आई म्हणाली, "अण्णा, तुमका नको. तुमचा येगळा." अण्णा म्हणाले, "वहिनी, अवं आत जीव हाय. जीव खायाचा न्हाई, ह्ये खरं. पर धरायाचा न्हाई असं कुणी सांगितलंय?" त्यांनी पैरण काढून ठेवली, हातपाय धुतले आणि घोंगडीत शिरले.

त्या चार दिवसांत आमच्या गल्लीत एकच भोंगा वाजायचा, तो दत्तू तोंडाने काढायचा. पाळी संपली की तो ओठांवर हात धरून थेट आमच्या गिरणीचा सूर लावायचा, शेवटी किंचित घसरणारा. वरच्या मजल्यावरून एकजण ओरडला, "कोण रे तो गिरणी सुरू करणारा?" पाळी बदलताना बाबा खरोखर सही घेतल्यासारखे विचारायचे, "अकरा?" आणि येणारा मोजून म्हणायचा, "अकरा." घरात तांदूळ होते, कुळीथ होते, मासळी नव्हती. संचारबंदी दोन तास उठायची तेव्हा आई धावत जाऊन मीठ आणि रॉकेल आणायची आणि परत येताना गिरणीच्या फाटकाशी थांबायची. दुसऱ्या दिवशी फाटकावर नायगावचे हवालदार मामाच होते. त्यांनी तिला सांगितले की कोंबडी दुपारी गोदामावर दिसली होती. आत जायची परवानगी त्यांना नव्हती. आईने त्यांना अंड्यांचे सांगितले. ते म्हणाले, "गो ताई, माका घरी जावन चार दिस झाले. माझ्या कोंबड्याक कोणी दाणे घातल्यानी की नाय, देव जाणे." आईने त्यांना ओच्यातला लिंबू दिला. तो त्यांनी अश्रुधुरावर उतारा म्हणून ठेवला.

एकविसाव्या दिवशी सकाळी अण्णांची पाळी होती. आई पेज ढवळत होती. अण्णा घोंगडीतून, न हलता, हळू आवाजात म्हणाले, "वहिनी. बोलत्यात." आम्ही सगळे भोवती बसलो. कापसातून चिवचिव ऐकू येत होती. कवचाच्या आतून, लांबून आल्यासारखी. पहिले पिल्लू निघायला दुपार झाली. अण्णांची पाळी केव्हाच संपली होती, ते उठले नाहीत. दत्तूने भोंगाही दिला नाही. संध्याकाळपर्यंत सात पिल्ले निघाली. उरलेली चार अंडी आईने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तशीच ठेवली आणि मग टाकली. चारांपैकी दोन भरलेली होती.

पिल्ले अण्णांना आई समजली. याला शास्त्रीय कारण आहे असे मी नंतर वाचले. तेव्हा आम्ही पाहिले ते एवढेच की अण्णा नळावर निघाले की सात पिल्ले गॅलरीतून त्यांच्या मागे निघायची आणि ते थांबले की थांबायची. चाळीतली पोरे त्यांना "कोंबडीअण्णा" म्हणायला लागली. त्यांनी हरकत घेतली नाही. फक्त जेवायला बसले की म्हणायचे, "वहिनी, पोरांस्नी आधी घाला."

गिरणी सुरू झाल्यावर बाबा पहिल्या पाळीला गेले ते जेवणाच्या सुट्टीत गोदामाकडे जाऊन आले. तांबडी सापडली नाही. रखवालदाराने ती दुसऱ्या दिवसानंतर पाहिली नव्हती. बंदोबस्तावरच्या कोणीतरी ती कापून खाल्ली अशी बातमी चाळीत होती, हवालदार मामांनी ती खोटी ठरवली. मांजरीने नेली असेही म्हणत. एकाही बातमीला दुजोरा मिळाला नाही.

आत्येला कळवायचे होते. बाबा म्हणाले, "मानमोडीन गेली म्हणान कळवया. कोंबड्यो जातत." मानमोडी हा कोंबड्यांचा साथीचा रोग. त्यात कोणाचा दोष नसतो. आई म्हणाली, "रोगान नाय गेली." तिने मला पोस्टकार्ड घेऊन बसवले. मी शाळेत शिकवल्याप्रमाणे सुरुवातीला शिरसाष्टांग नमस्कार आणि खुशालीच्या चार ओळी लिहिल्या. आईने वाचून घेतले आणि म्हणाली, "ह्या कित्याक? घडला ता लिही." दुसरे कार्ड आणावे लागले. त्यावर असे होते: तांबडी गेली. दार मी उघडे ठेवले होते. अकरा अंड्यांची सात पिल्ले झाली. ती मी नाही काढली, खानावळीतल्या माणसांनी काढली. तुमच्या वाट्याची तीन आणि तांबडीच्या जागी एक अशी चार पाठवते. कवडी आहे.

मी चाळीस वर्षे वर्तमानपत्रात दुसऱ्यांचा मजकूर कापला. त्या कार्डातून काय कापता आले असते याचा विचार केला आहे. काही नाही.

पिल्ले दीड महिन्याची झाल्यावर, शिमग्याला गावी जाणाऱ्या माणसाबरोबर चार पिल्ले बोटीवर चढली. धक्क्यावर अण्णा आले होते. त्यांनी हाऱ्यावरचे जाळे दोनदा बांधले.  पोहोचल्याचा निरोप आला, त्यात चारही जिवंत उतरल्याचे होते. पोस्टकार्डाला आत्येने उत्तर दिले नाही. तिला लिहिता येत नव्हते, पण लिहून देणारे वाडीत होते.

 आमच्याकडे उरलेल्या तीन पिल्लांपैकी दोन कोंबड्या झाल्या, एक कोंबडा. बोटी पावसाळ्यासाठी बंद झाल्या. दत्तूला मी दोन वर्षांपूर्वी कुडाळजवळ त्याच्या मुलीकडे भेटले. नव्वदी ओलांडलेली, ऐकू कमी येते. हे प्रकरण मी त्याच्याकडून तपासून घेतले. भोंगा त्याने अजून काढून दाखवला. पिल्ले सात होती की आठ याबद्दल आमचा वाद झाला. कार्ड मी स्वतः लिहिल्यामुळे मी सातच धरली आहेत.

गणपतीनंतर बोटी पुन्हा सुरू झाल्या. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात गावचा एक माणूस धक्क्यावरून थेट आमच्या खोलीवर आला आणि त्याने हारा उंबऱ्यात ठेवला. आईने विचारले, "वन्सं काय बोलली?" तो म्हणाला, "काय नाय. दी म्हणाली." जाळ्याखाली एक तांबडी तलंग होती, अजून अंड्यावर न आलेली. आईने तिला बाहेर काढले, उजेडाकडे धरले आणि आधी उजवा पाय पाहिला, मग डावा. चिंधी नव्हती.